जखम पाहून, कागद वाचून

जखमी सैनिकाने पदकासाठी करायच्या अर्जांत जखमेसाठी दीड ओळ मोकळी सोडलेली असते. ‘दुखापतीचे स्वरूप’ असं छापून पुढे ठिपके, आणि जखम ठिपक्यांत मावत नसेल तर ‘स्वतंत्र कागद जोडावा’ अशी सूचना. अर्जदाराचं नाव, वडिलांचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा यांना मात्र ऐसपैस जागा. समजा, नाणे मावळातल्या एका गावी एक निवृत्त हवालदार राहतात. समजाच, कारण खरे हवालदार आणले तर त्यांनाच ते स्वतः असल्याचा दाखला मागितला जाईल. तरुणपणी सरहद्दीवर तोफगोळ्याची एक कपची त्यांच्या मांडीत शिरली, ती अजून तिथेच आहे, आणि पाऊस कधी येणार हे ती वेधशाळेच्या आधी सांगते. भाताची रोपं टाकण्याआधी निम्मं गाव हवालदारांच्या मांडीची चौकशी करून जातं. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी होणाऱ्या सैनिकाला आपल्याकडे पराक्रम पदक मिळतं. हवालदारांना ते मिळालं नाही, कारण त्या गडबडीत कोणी नाव पाठवलं नाही. आता नातवाने मनावर घेतलं म्हणून ते कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहतात. ‘जखम झाली याला पुरावा काय?’ असं आतून विचारलं जातं, आणि हवालदार लगेच पायजमा वर सरकवायला लागतात. ‘अहो बाबा, हे काय चालवलंय! पाय खाली घ्या. कागद दाखवा, कागद!’

माझं म्हणणं त्या वर सरकवलेल्या पायजम्याच्या बाजूचं आहे. सन्मान देण्याच्या जगात दोनच रीती आहेत: पाहून देणं आणि वाचून देणं. आपण पहिलीवरून दुसरीवर आलो आणि या घसरगुंडीला प्रशासन म्हणू लागलो. पहिली रीत मावळ्यांना अनोळखी नव्हती. १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफजलखानाची फौज मोडल्यावर शिवाजी महाराजांनी जखमींना बक्षिसं वाटली, जखमेच्या मानाने २५ पासून २०० होनांपर्यंत. म्हणजे प्रतवारी लावण्याची कल्पना काही साहेबाने विलायतेहून आणलेली नाही. कानावर लेखणी खोचलेला कारकून तिथेही असणारच, आणि कारकून म्हटला की तो चार-दोन होन वाचवायला बघणारच. फरक इतकाच की तो जखमीच्या समोर बसलेला होता. जखम ओली होती, तिची खोली दिसत होती, आणि शंभराच्या जखमेला त्याने पन्नास लिहिले असते तर शेजारच्या कांबळ्यावरून दुसरा जखमी कण्हत कण्हत म्हणाला असता, ‘ओ कारकून, त्याला शंभर लिवा. तो वार मला बसायचा होता.’ साक्षीदार, तज्ज्ञ आणि लाभार्थी एकाच सतरंजीवर. अपील करायचं तरी कोणाकडे, सगळे तिथेच आडवे!

टप्पे आजही आहेत. लष्करातल्या अपंगत्वाच्या पेन्शनमध्ये ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्यापुढे सरसकट १००. १९९६ पासून लागू झालेला हा हिशेब उदार आहे, हे आपण मान्य करू. मात्र सरकारने तो आधी फक्त अपंगत्वापायी नोकरीतून घरी पाठवलेल्यांसाठी ठेवला होता. जो लंगडत का होईना, शेवटच्या दिवसापर्यंत परेडला उभा राहिला आणि मुदत भरल्यावर निवृत्त झाला, त्याला टक्के वाढवून मिळेनात. त्याचा गुन्हा एवढाच की तो पडून राहिला नाही. अशांनाही हा लाभ द्यावा, हे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. सांगायचा मुद्दा, पाहणाऱ्याला जो माणूस दुप्पट चिवट दिसला असता, तो वाचणाऱ्याला पात्रतेत न बसणारा दिसला. आणि यात कोणी दुष्ट नव्हतं. वाचणारा माणूस समोर आलेलंच वाचतो, आणि लंगडणं कागदावर ऐकू येत नाही.

पाहून दिलेल्या सन्मानाचा अस्सल नमुना हवालदारांच्याच मावळ तालुक्यात आहे, आणि गंमत म्हणजे तो शत्रूच्या माणसाला मिळालेला आहे. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचं म्हणून मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून खंडाळ्याला आली आणि तिथून रोज जेमतेम मैलभर सरकत कार्ल्याकडे निघाली. त्या फौजेत कॅप्टन स्टुअर्ट नावाचा एक धडाडीचा अधिकारी होता. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्यापाशी तो मराठ्यांच्या तोफेला बळी पडला. त्याची लढाई ज्यांनी समोरून पाहिली होती, त्या मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ करून ठेवलं. वडगावात त्याची समाधी आजही दाखवतात. उरलेल्या फौजेने तळेगावच्या तळ्यात जड तोफा ढकलल्या, रातोरात माघार घेतली, वडगावला कोंडीत सापडली आणि तहावर सही करून सुटली. पुढे कंपनीने कागदपत्रं मागवली आणि कारनॅक, एगर्टन, कॉकबर्न या वरच्या मंडळींना नोकरीतून काढून टाकलं. म्हणजे त्या मोहिमेत ज्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली त्यांची नोकरी गेली, आणि ज्याच्यासाठी कोणी ओळही खरडली नाही तो फाकडा ठरला. आजच्या नियमात हे बसवायचं तर शत्रूने शिफारस विहित नमुन्यात, तीन प्रतींत आणि स्वतःच्या वरिष्ठांमार्फत पाठवायला हवी. महादजी शिंद्यांची सही नमुना सहीशी जुळत नाही म्हणून प्रकरण परत आलं असतं.

आता वाचून देण्याची रीत जरा जवळून पाहू. आमच्या कल्पित हवालदारांचं नाव ज्ञानेश्वर. पलटणीतल्या उत्तरेकडच्या कारकुनाने ते कानाला पटलं तसं ग्यानेश्वर लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर आहे, आधार कार्डावर यंत्राने स्वतःच्या अकलेने दयानेश्वर केलं. तेव्हा कागदोपत्री ही तीन माणसं झाली: ग्यानेश्वरला जखम झाली, ज्ञानेश्वर सातवी पास आहे आणि दयानेश्वर पदक मागतोय. जन्मतारीख मात्र सगळीकडे १ जून, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालायला आलेल्या अख्ख्या पिढीला एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. यावर खिडकीतून शंका येते, ‘तुमची आणि तुमच्या धाकट्या भावाची तारीख एकच कशी? जुळे का?’ मग कपचीचा विषय निघतो. लष्करात माणसाच्या बाबतीत काहीही घडलं, लग्न, मूल, बदली, जखम, की ‘पार्ट टू ऑर्डर’ निघावी लागते. ‘तुमच्या जखमेची ऑर्डर निघाली होती का?’ ‘साहेब, तेव्हा गोळे निघत होते.’ ‘ते ठीक आहे, पण ऑर्डर?’ हवालदार मराठा पलटणीचे, म्हणून त्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. तिकडे पत्र जातं, तिकडून युनिटला जातं, युनिट दरम्यान दोनदा हललेलं असतं. त्यातही हवालदार नशीबवान, कारण ते पेन्शनवाले. पेन्शन न घेता लवकर सुटलेल्या जवानांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे, आणि मग उत्तर येतं की मुदत संपल्याने दस्तऐवज नष्ट केले, सबब पडताळणी शक्य नाही. कपची नष्ट करायला मात्र नियमात काही मुदत दिलेली नाही. ती अजून पावसाचा अंदाज देते आहे.

बरं, नुसती जखम सापडून भागत नाही, ती कोणी केली हेही ठरावं लागतं. लष्कराच्या दप्तरात ‘बॅटल कॅज्युअल्टी’ वेगळी आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ वेगळी. शत्रूच्या गोळीने झालेली जखम पहिल्या खणात. गोळी चुकवताना खडकावरून घसरून मोडलेला पाय कुठल्या खणात, यावर विद्वानांची सभा बसू शकते. सियाचिनवर १९८४ पासून जवान उभे आहेत आणि तिथे गोळीपेक्षा थंडीने, हिमकड्यांनी अधिक माणसं नेली. आता बोटं झडवणारा बर्फ कोणत्या बाजूने लढत होता, याचं प्रमाणपत्र कोणाकडून आणायचं? हिमालय काही राजपत्रित अधिकारी नाही. हे सगळं कमी पडलं तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतो. हवालदार स्वतः चालत येऊन ‘मी जिवंत आहे’ म्हणतात, ते ग्राह्य नाही. यंत्रावर बोट ठेवायचं. उभा जन्म चिखलात इंद्रायणी तांदळाची लावणी केलेल्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. यंत्र तीनदा नाही म्हणतं. ‘बाबा, तुमचा अंगठा जुळत नाही.’ ‘मग मी मेलो का रे?’ ‘तसं नाही, सर्व्हर डाऊन असेल. सोमवारी या.’ हवालदारांना मरायलाही सवड नसते, कारण कामशेतची लोकल गाठायची असते.

यावर कागद-पक्षाचा आक्षेप जोरदार आहे, आणि तो खोटा नाही. ते म्हणतात, नुसतं पाहून द्यायला लागलो तर उद्या अपेंडिक्सचे टाके दाखवत रांग लागेल. विळीवर कापलेलं बोट ही माझ्याजवळची एकमेव युद्धखूण. ती कांदा चिरतानाची आहे, पण अंधूक उजेडात आणि योग्य पार्श्वसंगीतात ती संगिनीची म्हणून खपवायचा मोह मलाही होईल. मग कागद नकोत कसे? उत्तरादाखल बीड जिल्ह्याकडे पाहावं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नावाने तिथे बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं एवढं पीक आलं की प्रकरण न्यायालयात गेलं आणि न्यायमूर्ती पालकर आयोग नेमावा लागला. या मंडळींचं वैशिष्ट्य काय होतं? त्यांचे कागद पूर्ण होते. प्रतिज्ञापत्रं होती, तुरुंगवास भोगलेल्यांची प्रमाणपत्रं होती, शिक्के जिथल्या तिथे होते. तोतयाकडे कागद नेहमीच पुरे असतात, कारण तो लढायला गेलेला नसतो. त्याचा सगळा वेळ फाइल तयार करण्यात गेलेला असतो. खरा जखमी ऐन वेळी रक्त थांबवण्याच्या क्षुल्लक कामात गुंतलेला असल्याने त्याच्याकडून पावती घ्यायची राहून जाते. कागदांची चाळण अशी विणलेली आहे की तीतून भुसा अलगद खाली येतो आणि दाणा वरच अडकतो. तेव्हा कागद नकोत असं मी म्हणत नाही. कागदाबरोबर एकदा मांडीही पाहावी, इतकंच. लष्करी डॉक्टरला क्ष-किरणाच्या एका चित्रात कपची आणि अपेंडिक्स यांतला फरक कळतो, अशी माझी समजूत आहे.

दुसरा आक्षेप अधिक घरंदाज आहे. खरा वीर मागत नसतो, असं पारावरची मंडळी म्हणतात. मागून घेतलेला मान तो कसला मान? ऐकायला हे फार गोड आहे, फक्त हेच लोक हवालदारांना आधी विचारतात, ‘अहो, तुम्ही अर्जच केला नाही तर सरकारला कळणार कसं?’ अर्ज केला तर हावरट, न केला तर बावळट. मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, निदान सिनेमा निघाल्यापासून. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याने ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेतलं, ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. पुढे २०१८ साली पद्मश्री आली, आणि अर्जुन पुरस्कार आला तो २०२५ च्या जानेवारीत. म्हणजे मुंबईच्या गाडीला आधी दादर लागावं आणि मग लोणावळा, असा हा प्रवास. पाण्यातल्या ५० मीटरला ३७ सेकंद आणि टेबलावरच्या काही फुटांना ४० हून अधिक वर्षं. हेलसिंकीला १९५२ मध्ये कांस्यपदक घेणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव इतकं थांबू शकले नाहीत. १९८४ ला ते गेले आणि अर्जुन त्यांच्या मागून आला. वीराने मागू नये हा नियम चांगलाच आहे, पण मग न मागता देणारा कोणीतरी नेमावा लागतो, आणि ती जागा बरीच वर्षं रिक्त दिसते.

परदेशात सगळं आलबेल आहे, असं मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत जखमी सैनिकाला ‘पर्पल हार्ट’ मिळतं. जॉर्ज वॉशिंग्टनने १७८२ साली सुरू केलेलं सन्मानचिन्ह पुढे विस्मरणात गेलं, ते १९३२ मध्ये या रूपात पुन्हा आलं. त्या वेळी लष्करप्रमुख होते डग्लस मॅकआर्थर, आणि पहिलं पदक मिळालं तेही डग्लस मॅकआर्थर यांनाच. पहिल्या महायुद्धात ते जखमी झाले होते यात शंका नाही. पण खिडकीच्या आत आणि बाहेर एकच माणूस असला की प्रकरण किती झपाट्याने मार्गी लागतं, याचं हे उत्तम उदाहरण मानावं लागेल. तिथेही डॉक्टरने उपचार केल्याची नोंद लागते आणि हिमदंश चालत नाही. फक्त एका बाबतीत ते आपल्या पुढे गेले. १९४५ साली जपानवर चढाई करावी लागेल म्हणून त्यांनी सुमारे पाच लाख पदकं आधीच घडवून ठेवली. चढाई झाली नाही, आणि तो साठा पुढच्या कित्येक युद्धांना पुरला. तिथे पदक तयार आणि जखमा यायच्या बाकी. आपल्याकडे जखमा तयार आणि पदकं यायची बाकी. ही अतिशयोक्ती नाही. साध्या सेवापदकांचाही आपल्याकडे लाखोंचा अनुशेष साचल्याच्या बातम्या आल्या आहेत, आणि बिल्ला सरकारकडून येईपर्यंत जवान छावणीजवळच्या दुकानातून त्याची नक्कल विकत घेऊन छातीला लावतात. नकलेच्या कडेवर नाव कोरलेलं नसतं, एवढीच तिची ओळख. दुकानदार मात्र फार सभ्य. तो ‘कोणत्या लढाईत?’ एवढंच विचारतो आणि फीत जुळवून देतो.

शेवटचा आक्षेप व्यवहारी लोकांचा: पदकाने काय पोट भरतं? असं विचारणारा माणूस बहुधा लोणावळ्याच्या चौकात, स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली उभा असतो. त्या फ्लेक्सवर तो कार्यसम्राट आहे, युवकांचा आधारस्तंभ आहे, आणि खाली तेवीस शुभेच्छुक आहेत. जुन्या महामार्गाने वडगाव ते खंडाळा गेलं तर दर फर्लांगाला एक समाजभूषण भेटतो. यांच्यापैकी कोणाला कोणी कागद मागितला नाही. शाल, श्रीफळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह ही या महाराष्ट्रात पाहूनही न देता आणि वाचूनही न देता, थेट वाटायची वस्तू झाली आहे. दोन्ही रीतींना मागे टाकणारी ही तिसरी रीत आपण काढली. पुरस्कार नको म्हणणारा माणूस शोधायचा तर मावळात गावंच्या गावं पालथी घालावी लागतील. मग ज्याच्या मांडीत खरोखर लोखंड आहे, त्याला एक बोटभर धातू बाहेरून हवासा वाटला, तर त्यालाच वैराग्य शिकवायचं कारण काय? त्याला बिल्ला पेन्शनसाठी नकोच असतो. २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला बोलावतात, तेव्हा कोटाला काहीतरी लावायला हवं असतं, आणि समोरच्या रांगेत बसलेले सरपंच दोन पदकं लावून आलेले असतात, त्यातलं एक कबड्डीचं.

तर प्रकरण सध्या इथवर आलं आहे. नातवाने राजपत्रात नाव बदलून तिन्ही ज्ञानेश्वरांचा एक ज्ञानेश्वर केला, दोन जुन्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं जोडली, क्ष-किरणाचं चित्र मोठ्या पाकिटात घातलं. खिडकीतल्या माणसाने पाकीट न उघडता तीनदा वजन करून पाहिलं आणि म्हणाला, ‘सगळं व्यवस्थित आहे. फक्त त्या दुसऱ्या साक्षीदाराची सही राहिलीय. तळाशी लिहिलंय बघा, सही येत नसल्यास डाव्या हाताचा अंगठा.’ नातू म्हणाला, ‘साहेब, ते आजोबांच्याच खंदकात होते. उजवा हात चालत नाही आणि डावा तिथेच राहिला.’ खिडकीतल्या माणसाने नियमावली मागून पुढे आणि पुढून मागे चाळली, टेबलापलीकडे वाकून मोठ्या साहेबांना विचारलं, आणि परत येऊन सांगितलं, ‘चालेल. पण डावा हात नसल्याचा दाखला आणा.’